उतार एकाचा, चढ दुसऱ्याचा

“कुमुद, बाहेर ये गं जरा!” हे फाटकातून ओरडले तेव्हा मी भाकरी थापत होते. पिठाच्या हातांनीच बाहेर आले आणि बघते तर काय, दारात पांढरीशुभ्र नवी गाडी! बॉनेटवर झेंडूचा हार, पुढं लिंबू-मिरची, आणि शेजारी आमचे हे, चोरी पकडल्यासारखं तोंड करून उभे.

“कुणाची?”

“आपली.”

मी खिडकीतून आत डोकावले. गिअरच्या दांड्याजवळ पी, आर, एन, डी, एल अशी अक्षरं. खाली पायाशी पेडल दोनच. तिसरं कुठं लपलंय का म्हणून मी वाकून पाहिलं. नव्हतं.

“अहो, ही तर बिनक्लचची!”

“हं,” हे म्हणाले आणि हाराची फुलं सारखी करायला लागले.

मला तिथंच पायरीवर बसावंसं वाटलं. कारण ज्या माणसानं ही गाडी आणली होती, तो माणूस उभ्या कोल्हापुरात क्लच-गिअरचा भक्त म्हणून ओळखला जायचा. कुणी ऑटोमॅटिक घेतली असं कळलं की हे त्याला भर लग्नात, अक्षता हातात असताना विचारायचे, “काय, लिफ्ट घेतली म्हणे?” ऑटोमॅटिकला हे गाडी म्हणतच नसत. बटण दाबायचं आणि देवाचं नाव घ्यायचं, ती लिफ्ट. गाडी म्हणजे आमची जुनी निळी फियाट. स्टिअरिंगला गिअर असलेली. तरुणपणी ह्यांनी आणि ह्यांच्या मित्रानं, दत्ताजीराव इंगवल्यांनी, अर्धे-अर्धे घालून घेतलेली.

हे पाटबंधारे खात्यात इंजिनिअर आणि दत्ताजीभाऊजींचं भांड्यांचं दुकान. पण महिन्याचा पहिला रविवार उजाडला की दोघांचा धर्म एकच. सकाळी गगनबावड्याला जायचं, करूळ घाट उतरायचा, पायथ्याच्या टपरीवर चहा-भजी खायची आणि परत चढायचं. उतार ह्यांचा, चढ भाऊजींचा. हा नियम कधी मोडला नाही. मी मागच्या सीटवर, मांडीवर डबा घेऊन. आणखी एक नियम माझ्यासाठी खास होता. गाडी चालवणाऱ्याशी बोलायचं नाही. दोघं एकमेकांशी अखंड बोलायचे, “आता दुसरा टाक”, “आवाज ऐक, मागतीय ती गिअर”. मी नुसतं “अहो, बैल” म्हटलं तरी दोघं एकदम, “शूऽऽ!”

“गिअर टाकणं म्हणजे गाडीशी बोलणं असतं,” हे एकदा मला समजावून सांगत होते.

“तेवढं बायकोशी बोलला असतात तर संसार पाचव्या गिअरात गेला असता,” मी म्हटलं.

मला गाडी चालवायची होती हो. मनापासून. आयुष्यभर मुलींच्या शाळेत गणित शिकवलं, सायकलवरून गेले, पुढं स्कूटर चालवली. फियाटवर शिकायला बसले तेव्हा गुरुजी म्हणजे हेच. “क्लच सोड. अगं सोडू नको! अर्धा सोड!” अर्धा म्हणजे किती? “अंदाजानं!” आता गणिताच्या मास्तरणीला अंदाजानं अर्धा कसा कळावा? गाडी बेडकासारख्या उड्या मारायची आणि हे डोक्याला हात लावायचे. एकदा भर रस्त्यात उतरून घरी चालत आले, ते पुन्हा त्या सीटवर बसले नाही. लायसन्स तेवढं काढून ठेवलं होतं, देव्हाऱ्यात अक्षता ठेवाव्यात तसं.

पुढं ऑटोमॅटिक गाड्या आल्या. मी कितीदा म्हटलं, “घ्या की तसली एक, मला जमेल.” तर हे म्हणायचे, “माझ्या दारात लिफ्ट उभी राहणार नाही.” मग मी पुण्याला भाचीकडं राहायला गेले तेव्हा तिच्या ऑटोमॅटिकवर गुपचूप हात साफ केला. ती पोरगी इतकी गोड, एकदाही ओरडली नाही. शेवटी शेवटी तर मी तिला कात्रजचा घाट चढून दाखवला. ह्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. म्हटलं, वेळ येईल तेव्हा दाखवू.

आणि आता ती वेळ स्वतः हार घालून दारात उभी होती! माझ्यासाठी आणली, दुसरं काय? तोंडानं कबूल करवत नाही, म्हणून फुलं सारखी करताहेत. मी हात धुतले, ताम्हन आणलं, गाडीला ओवाळलं, ह्यांनाही ओवाळलं. केळी घालून शिरा केला. आणि पदर खोचून किल्लीसाठी हात पुढं केला.

“थांब,” हे म्हणाले. “आधी दत्त्याला चालवू दे. परवा रविवार आहेच.”

“दत्ताजीभाऊजींना?”

“हं. मग बघू तुझं.”

शिऱ्याची वाटी मी तशीच झाकून ठेवली. खोटं कशाला सांगू, त्या रात्री मला रडू आलं. बायको जन्मभर मागत होती तेव्हा लिफ्ट, आणि मित्राला खेळायला पाहिजे तर लगेच दारात! शिवाय भाऊजी गेले काही महिने आमच्याकडं फिरकतही नव्हते. शेवटचे आले होते तेव्हा चढावर, तिसऱ्या वळणाच्या तोंडाशी, समोर ट्रक थांबला म्हणून त्यांनी फियाट थांबवली. पुन्हा निघताना गाडी पुढं जायची ती सरळ मागं घरंगळायला लागली. ह्यांनी शेजारून झटकन हँडब्रेक ओढला. माझ्या डब्यातलं ताक सगळं माझ्या नव्या इरकलीवर. “क्लच प्लेट गेली,” हे म्हणाले. “व्हय, प्लेटच गेली,” भाऊजी म्हणाले. तिथून पुढं ह्यांनीच चालवली. त्यानंतर प्रत्येक पहिल्या रविवारी भाऊजींचं काही ना काही निघायचं. चष्म्याचा नंबर, पाहुणे, दुकानात माल. त्यांची बायको जाऊन काही वर्षं झाली होती, मुलगा बंगलोरला. घाटाशिवाय त्या माणसाला दुसरा विरंगुळा नव्हता. तरी येईनात. माणसं म्हातारी झाली की हट्टी होतात, असं म्हणून मी सोडून दिलं होतं.

रविवारी ह्यांनी त्यांना घरी जाऊन अक्षरशः ओढून आणलं. भाऊजी फाटकात आले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि नाक मुरडलं.

“यशा, लेका, म्हातारचळ लागला काय तुला? ही गाडी न्हवं. ह्यो पाळणा हाय.”

“बस तर खरा.”

“वहिनी, तुम्ही बी ह्याला काय बोलला न्हाईसा? चाळीस वर्षं ज्यानं मला गिअर शिकवला, त्यानं पाळणा आणला!”

“मला कोण विचारतंय?” मी ह्यांच्याकडं न बघता म्हटलं. मग माझं लक्ष खाली गेलं. “अगं बाई! भाऊजी, एक चप्पल कुठाय?”

उजव्या पायात करकरीत कोल्हापुरी, डावा पाय उघडा. चप्पल मागं कोपऱ्यावर, रस्त्याच्या मधोमध पडलेली. मी खो खो हसले. भाऊजीही हसले, “ह्या पाळण्याच्या नादात बघा!” असं म्हणाले. हे मात्र हसले नाहीत. मुकाट्यानं गेले आणि चप्पल उचलून आणली. मला वाटलं, माझा राग चुकवायला गेले असतील.

घाट उतरताना भाऊजींनी गाडीचा उद्धार केला. “उताराला दुसरा टाकायचा असतोय. तुझी ही बया कुठला टाकतीय, विचार तिला.”

“एल आहे की त्याला, उतारासाठीच.”

“एल? आरं, एल म्हंजे काय? लहान पोरांच्या गोळ्या हायत का? आनि आपून काय करायचं? खिडकीतनं माकडं बघायची?”

“बघ की. एवढी वर्षं बघितली नव्हतीस.”

मी मागं बसलेली. माझ्या डोक्यात एकच. आज काही झालं तरी परतीला चाक माझ्या हातात. नाही दिलं तर वैभववाडीला उतरायचं आणि एसटीनं माहेरी जायचं, असं मी ठरवूनच आले होते.

पायथ्याशी टपरीवर बसलो. भजी आली, चहा आला. ह्यांनी उजवा खांदा दाबायला सुरुवात केली.

“काय झालं रं?” भाऊजींनी विचारलं.

“भरून आलाय. चढाला मला नाही जमायचं. तू घे.” आणि किल्ली टेबलावर भाऊजींपुढं सरकवली. नाटक तरी धड यावं माणसाला! खांदा भरलेल्या त्याच हातानं हे चहाचा ग्लास उचलून फुंकत होते.

भाऊजींनी किल्ली परत सरकवली. “मी ह्या पाळण्याला हात लावणार न्हाई. नियम म्हंजे नियम.”

“नियमानं चढ तुझाच आहे.”

“चढ माझा. पाळणा माझा न्हवं.”

किल्ली पुन्हा इकडं, पुन्हा तिकडं. कॅरम खेळताहेत जसे काही. माझं डोकं फिरलं. मी मधेच हात घालून किल्ली उचलली.

“मी चालवते.”

“तू?” ह्यांचा चेहरा एकदम पडला. “घाटात?”

“लायसन्स आहे माझ्याकडं. देव्हाऱ्यात ठेवलेलं, पण आहे.”

“कुमुद, तू नको. ऐक माझं. तू सोडून कुणीही.”

चारचौघांत, टपरीवाल्यासमोर! तू सोडून कुणीही! माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. हे डोळ्यांनी, भुवयांनी काय काय खुणा करत होते, पण मी बघेन तर ना.

“यशा, चालवू दे की वहिनीला,” भाऊजी म्हणाले. “तेवढंच तुझं नाक खाली.”

मी तरातरा जाऊन बसले. सीट पुढं ओढली, आरसा माझ्या उंचीला केला. हे मागं बसले, तोंडात गुळणी धरल्यासारखे. भाऊजी डाव्या बाजूला आले. दार उघडून आधी बूड टेकवलं. उजवा पाय आत घेतला. आणि मग दोन्ही हात गुडघ्याखाली घालून त्यांनी आपला डावा पाय उचलला, जशी बाजारातली जड पिशवी उचलून गाडीत ठेवावी तसा, आणि आत ठेवला. दार लावलं. चप्पल बाहेर मातीत तशीच राहिली. त्यांना पत्ताच नाही.

मी पुढं बघितलं. काचेबाहेर काही दिसेना मला. सकाळची चप्पल. घरंगळलेली फियाट. चष्म्याचा नंबर, पाहुणे, दुकानातला माल. पायात जोरच नव्हता माणसाच्या, क्लच दाबला काय आणि सुटला काय, कळतच नव्हतं त्यांना! आणि भाऊजी कुणाला बोलले नव्हते. ह्यांनीही विचारलं नव्हतं. क्लच प्लेट म्हणून मोकळे झाले होते, आणि मग जन्मभर जिला शिव्या घातल्या ती लिफ्ट विकत आणून दारात उभी केली होती. मला एक शब्द सांगायचा होता की! पण सांगतील तर ते पुरुष कसले. ह्यांचा रागही आला आणि तिथंच मागं वळून ह्यांचा हात धरावासाही वाटला.

किल्ली फिरवली, दांडा डी वर घेतला. गाडी लोण्यासारखी निघाली. काय सांगू, अशी हलकी, अशी शहाणी गाडी! समोर घाटाची चढण सुरू होत होती आणि चाक माझ्या हातात होतं. थोडंसं अंतरच गेले असेन. तेवढं सुख मी पुरेपूर घेतलं.

मग डावा पाय उचलला आणि ब्रेकवर खाडकन आपटला.

गाडी जागच्या जागी खिळली. बांधून घेतलेला भज्यांचा पुडा पुढं उडाला. “अगं आई गं!” मी ओरडले. पुन्हा जरा पुढं घेतली, पुन्हा खाड! हे मागून माझ्या सीटवर आदळले.

“वहिनी! वहिनी, अवो काय करतायसा?”

“क्लच सापडेना हो भाऊजी!”

“क्लच न्हाईच त्यात!”

“मग माझा डावा पाय आपोआप जातोय त्याचं काय करू? डाव्या पायानं करायचं तरी काय यात?”

“काय न्हाई करायचं!” भाऊजी वैतागून म्हणाले. “डाव्या पायाला ह्यात कामच न्हाई!”

त्यांचा हात आपल्या डाव्या गुडघ्यावर होता, तो तिथंच राहिला. हे खिडकीबाहेर बघत होते, जणू करूळच्या झाडाला आयुष्यात पहिल्यांदाच पानं आली होती. मी स्टिअरिंग धरून बसले, देवाला म्हटलं, आता ह्या माणसाला सुबुद्धी दे बाबा.

“उतरा,” भाऊजी म्हणाले. “तुम्हाला पाळणा बी येत न्हाई. बघतो मीच.”

मी उतरले. “रुमाल पडला वाटतं माझा,” म्हणत टपरीपर्यंत मागं गेले, चप्पल उचलली, पिशवीत टाकली. परत आले तोवर भाऊजी चाकामागं बसले होते. डावा पाय आत कडेला, निवांत, पंगतीत जेवून उठलेल्या पाहुण्यासारखा.

मी मागं ह्यांच्या शेजारी बसले. आणि मग चढले हो ते! पहिल्या वळणाला जरा बिचकले. दुसऱ्याला हात सैल झाला. तिसऱ्या वळणाच्या तोंडाशी, तिथंच, समोरून लाल एसटी आली आणि आम्हाला थांबावं लागलं. मागची उतरण माझ्या पाठीला कळत होती. ह्यांचा हात हळूच पुढं हँडब्रेककडं सरकला. मी तो धरला आणि माझ्या मांडीवर ठेवला. एसटी गेली. भाऊजींनी उजवा पाय दाबला. गाडी बोटभरही मागं न येता वर निघाली.

“हं,” भाऊजी म्हणाले.

मग वरपर्यंत त्यांचं तोंड थांबलं नाही. “आवाज न्हाई, काय न्हाई, बया कधी तिसरा टाकती कळतबी न्हाई. चोरटी हाय, चोरटी! पर वढती बरं का, यशा. झोका बरा देतोय तुझा पाळणा. आनि वहिनी, तुम्हाला ही येईना? पोरासोरांनी चालवावी अशी गाडी! कसं वो गणित शिकवलं एवढी वर्षं?”

“नाही जमत बाई मला,” मी म्हणत राहिले. जीभ चावून चावून म्हणत राहिले. पुण्याची भाची ऐकती तर तिला फेफरं आलं असतं. हे माझ्याकडं बघत होते, आणि माझा हात काही सोडत नव्हते.

गगनबावड्याला पोचलो. वर गार वारं सुटलं होतं. भाऊजींनी गाडी कडेला घेतली, दार उघडलं, उजवा पाय खाली टाकला. मी मागून उतरून आधीच तिथं गेले होते. पिशवीतून चप्पल काढली आणि त्यांचा डावा पाय जिथं टेकणार होता तिथं, मातीत, सरळ करून ठेवली.

भाऊजींनी चप्पल बघितली. मग मला बघितलं. मग दोन्ही हातांनी पाय उचलला, लपवालपवी न करता, आणि चपलेत घातला.

“कंबरेतली शीर दाबलीया,” ते म्हणाले. “डाक्टर म्हनतोय, ह्यो पाय आता असाच ऱ्हायचा. यशा, तुला म्हाईत हुतं व्हय रं?”

“कसलं? मला काय माहीत?” हे म्हणाले आणि उजव्या हातानं, दुखऱ्या खांद्याच्या, डोळे पुसले.

“हां. न्हाईच म्हाईत तुला.” भाऊजी हसले. मग किल्ली माझ्यापुढं धरली. “घ्या वहिनी. हितनं कोल्हापूरपर्यंत तुम्ही.”

“अहो, मला कुठं येतंय? बघितलंत ना मघाशी?”

“बघितलं की. ब्रेक हाणायच्या आधी तुम्ही दोन्ही येळा आरशात बघितलासा, मागनं कोण येतंय का म्हनून.” भाऊजींनी किल्ली माझ्या तळहातावर ठेवली आणि वर माझी बोटं मिटवली. “भ्यालेलं मानूस आरशात बघत नसतंय, वहिनी. चालवणारं बघतंय.”

आयुष्यात मला कुणी असं म्हटलं नव्हतं.

“उतार यशाचा, चढ माझा,” भाऊजी म्हणाले, “आनि आजपास्नं सपाट तुमचं. नियम म्हंजे नियम.”

मी बसले. आरसा पुन्हा माझ्या उंचीला केला. साळवणपर्यंत रस्ता मोकळा होता, दोन्हीकडं ऊस, वर लख्ख ऊन. मी गाडी जरा पळवली. मागून ह्यांना राहवलं नाही.

“कुमुद, अगं हळू, पुढं बैल—”

“शूऽऽ!” भाऊजींनी मागं वळून ह्यांना दटावलं. “यशा, अक्कल हाय का तुला? गाडी चालवणाऱ्याशी बोलायचं नसतंय.”

हे गप्प बसले. अगदी कोल्हापूरपर्यंत.